घटक ६ : लष्करी सत्तापालट – अंतर्गत कारणे आणि परकीय प्रभाव (चिली, १९७३)

६.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला –
• ‘लष्करी सत्तापालट’ या संज्ञेचा अर्थ सांगून ती ‘बंड’, ‘उठाव’ व ‘क्रांती’ या संज्ञांपासून वेगळी करता येईल.
• चिलीतील १९७३ च्या सत्तापालटामागील आर्थिक, राजकीय व लष्करी कारणे स्पष्ट करता येतील.
• परकीय प्रभावाचे निरनिराळे प्रकार ओळखून त्यांचे सापेक्ष महत्त्व ठरविता येईल.
• ऐतिहासिक घटनेचे ‘कारण’ आणि तिची ‘जबाबदारी’ यांत भेद करता येईल.

६.१ प्रास्ताविक

११ सप्टेंबर १९७३ रोजी दुपारी चिली या देशाच्या हवाई दलाच्या विमानांनी आपल्याच राजधानीतील राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयावर बाँब टाकले. ‘ला मोनेदा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या इमारतीत लोकांनी निवडून दिलेले राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे होते. त्यांचा तेथेच अंत झाला. त्यानंतर सुमारे साडेसोळा वर्षे, म्हणजे मार्च १९९० पर्यंत, चिलीवर जनरल ऑगुस्तो पिनोशे यांची राजवट होती.

या घटनेची दोन सोपी स्पष्टीकरणे प्रचलित आहेत. पहिल्यानुसार हे सारे अमेरिकेने घडवून आणले व चिलीचे सेनानी ही केवळ बाहुली होती. दुसऱ्यानुसार आयेंदे यांच्या सरकारने देश दिवाळखोरीच्या कडेला नेला आणि लष्कराने नाइलाजाने हस्तक्षेप केला. दोन्ही स्पष्टीकरणांत सत्याचा अंश आहे; परंतु दोन्हींमुळे कोणाची ना कोणाची जबाबदारी नाहीशी होते. पहिल्यात चिलीचे सेनानी सुटतात, तर दुसऱ्यात सेनानी व परकीय सत्ता दोघेही सुटतात.

प्रस्तुत घटकात आपण चिलीचे उदाहरण दोन कारणांसाठी निवडले आहे. एक म्हणजे, या प्रकरणातील परकीय हस्तक्षेपाविषयी अनुमानांवर विसंबून राहावे लागत नाही. अमेरिकी सिनेटच्या चौकशी समितीचा १९७५ चा अहवाल आणि नंतर खुली झालेली सरकारी कागदपत्रे उपलब्ध आहेत. दुसरे म्हणजे, चिलीत तीन वर्षांच्या अंतराने दोन प्रयत्न झाले. १९७० चा प्रयत्न फसला, १९७३ चा यशस्वी झाला. या दोहोंची तुलना केल्यास परकीय प्रभाव काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे बरेच स्पष्ट होते.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ संज्ञाविचार

शासनसंस्थेचा भाग असलेल्या सशस्त्र दलांनी, किंवा त्यांतील एका गटाने, बळाचा वापर करून अथवा बळाचा धाक घालून घटनाबाह्य मार्गाने सत्ता ताब्यात घेणे म्हणजे लष्करी सत्तापालट होय. या घटनेसाठी जगभर रूढ असलेल्या फ्रेंच संज्ञेचा शब्दशः अर्थ ‘राज्यावरील आघात’ असा होतो. चिलीच्या स्पॅनिश भाषेतील ‘गोल्पे’ या शब्दाचा अर्थही ‘आघात’ किंवा ‘फटका’ असाच आहे.

मराठीत या अर्थाने बंड, उठाव, क्रांती आणि सत्तापालट असे चार शब्द वापरले जातात. त्यांच्या छटा मात्र वेगळ्या आहेत. ‘बंड’ हा शब्द सत्ताधाऱ्याच्या दृष्टिकोनातून येतो. ‘उठाव’ या शब्दात खालून वर उठणाऱ्या, दडपलेल्या लोकांचे चित्र आहे. ‘क्रांती’ या शब्दाला गौरवाची छटा आहे. १८५७ च्या घटनांना आपल्याकडे बंड, उठाव आणि स्वातंत्र्यसमर अशी तीन नावे मिळाली, ती याच कारणाने. रणगाडे आणि लढाऊ विमाने ज्यांच्या हाती आहेत, त्यांच्या कृतीस ‘उठाव’ म्हटल्यास नकळत तिला दुर्बलांच्या प्रतिकाराचे रूप येते. ‘सत्तापालट’ हा शब्द त्यामानाने तटस्थ आहे. परंतु निवडणुकीनेही सत्तापालट होतो. म्हणून या घटकात आपण ‘लष्करी’ हे विशेषण कायम ठेवून ‘लष्करी सत्तापालट’ ही संज्ञा वापरणार आहोत.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. चिलीमध्ये पिनोशे यांच्या समर्थकांनी ‘गोल्पे’ हा शब्द टाळून ‘प्रोनुन्सियामिएन्तो’, म्हणजे लष्कराने आपले मत जाहीर करणे, असा सौम्य शब्द पसंत केला. २०१२ च्या आरंभी तेथील प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात ‘लष्करी हुकूमशाही’ऐवजी ‘लष्करी राजवट’ असा शब्दप्रयोग करण्यावरून मोठा वाद उद्भवला. घटनेला चार दशके होत आली, तरी तिचे नाव निश्चित होत नव्हते. कारण नाव ठरले की दोषही ठरतो.

६.२.२ पार्श्वभूमी

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील चिंचोळ्या पट्टीसारखा असलेला चिली हा देश आपल्या संसदीय परंपरेबद्दल ख्यातनाम होता. १९२४ ते १९३२ या अस्थिर कालखंडानंतर तेथे चार दशके नियमित निवडणुका झाल्या. शेजारच्या देशांत लष्करी राजवटी येत-जात असताना चिलीचे सैन्य बराकीतच राहिले.

या स्थैर्याखाली मात्र खोल विषमता होती. ग्रामीण भागातील जमीन थोड्या घराण्यांच्या हाती एकवटलेली होती. परकीय चलनाचा मोठा भाग तांब्याच्या निर्यातीतून येई आणि चुकिकामाता, एल तेनिएन्ते यांसारख्या मोठ्या खाणी अॅनाकोंडा व केनेकॉट या अमेरिकी कंपन्यांकडे होत्या. १९६४ मध्ये निवडून आलेले ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे एदुआर्दो फ्रेई यांनी जमीनसुधारणा सुरू केल्या व खाणींमध्ये सरकारी भागीदारी मिळविली. त्यामुळे जमीनदार दुखावले आणि भूमिहीनांच्या अपेक्षा वाढल्या.

परकीय प्रभावाचा आरंभही याच काळात झाला. क्यूबातील क्रांतीनंतर लॅटिन अमेरिकेत दुसरा समाजवादी देश उभा राहू नये, हे अमेरिकेचे धोरण होते. १९६४ च्या निवडणुकीत फ्रेई यांच्या प्रचारखर्चापैकी निम्म्याहून अधिक रक्कम अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने, सीआयएने, पुरविली होती, असे सिनेट समितीने नमूद केले आहे.

४ सप्टेंबर १९७० च्या निवडणुकीत डाव्या पक्षांच्या ‘लोक-एकता’ आघाडीचे उमेदवार साल्वादोर आयेंदे यांना सुमारे ३६ टक्के, उजव्या पक्षांचे होर्हे अलेसांद्री यांना सुमारे ३५ टक्के आणि ख्रिश्चन डेमोक्रॅट रादोमिरो तोमिच यांना सुमारे २८ टक्के मते मिळाली. पहिल्या दोघांत अंतर होते अवघ्या ३९ हजार मतांचे. कोणासही निर्विवाद बहुमत नसल्यास पहिल्या दोघांतून एकाची निवड संसदेने करावी, अशी १९२५ च्या राज्यघटनेची तरतूद होती. त्यामुळे निकाल आणि संसदेचे मतदान यांच्यामध्ये सात आठवड्यांचा अवधी मिळाला.

६.२.३ १९७० चा फसलेला प्रयत्न

१५ सप्टेंबर १९७० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी सीआयएचे प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांना आयेंदे यांची सत्ता रोखण्याचा आदेश दिला. हेल्म्स यांनी बैठकीत केलेली हस्तलिखित टिपणे उपलब्ध आहेत. त्यांत एक कोटी डॉलर किंवा गरज पडल्यास त्याहून अधिक रक्कम देण्याची तयारी आणि चिलीच्या अर्थव्यवस्थेचा गळा आवळण्याचा मनोदय नोंदविलेला आहे. यानंतर दोन मार्ग अवलंबिले गेले. पहिला मार्ग संसद सदस्यांवर प्रभाव टाकण्याचा होता. दुसरा सेनाधिकाऱ्यांना सत्तापालटास प्रवृत्त करण्याचा होता आणि तो अमेरिकी राजदूतापासूनही गुप्त ठेवण्यात आला.

दुसऱ्या मार्गातील मुख्य अडथळा होते चिलीचे सरसेनापती जनरल रेने श्नायडर. राज्यघटनेने ठरविलेल्या प्रक्रियेत सैन्याने पडू नये, अशी त्यांची जाहीर भूमिका होती. ती पुढे ‘श्नायडर-सिद्धान्त’ या नावाने ओळखली गेली. त्यांचे अपहरण करून गोंधळ माजविण्याचा कट निवृत्त जनरल रोबेर्तो वियो आणि सेवेतील काही अधिकाऱ्यांनी रचला. सीआयएचा या गटांशी संपर्क होता आणि त्यांपैकी एका गटाला तिने शस्त्रे पुरविली. २२ ऑक्टोबर रोजी अपहरणाच्या प्रयत्नात श्नायडर यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २५ ऑक्टोबर रोजी त्यांचा मृत्यू झाला.

कटाचा परिणाम नेमका उलटा झाला. श्नायडर रुग्णालयात मृत्यूशी झुंज देत असताना, २४ ऑक्टोबर रोजी, संसदेने १५३ विरुद्ध ३५ मतांनी आयेंदे यांची निवड केली. ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाने घटनात्मक हमीपत्र स्वीकारावयास लावून त्यांना पाठिंबा दिला. सैन्य श्नायडर यांचे उत्तराधिकारी कार्लोस प्राट्स यांच्यामागे उभे राहिले. ३ नोव्हेंबर १९७० रोजी आयेंदे सत्तारूढ झाले.

येथे क्षणभर थांबून विचार करा. पैसा, शस्त्रे, संपर्क आणि महासत्तेच्या अध्यक्षाचा आदेश, हे सर्व १९७० मध्ये होते. नव्हती ती अनुकूल परिस्थिती. भारतीय तत्त्वविचारात घडा घडण्याची दोन कारणे सांगतात : माती हे उपादानकारण आणि कुंभार हे निमित्तकारण. १९७० मध्ये कुंभार उतावीळ होता, पण माती तयार नव्हती. पुढील तीन वर्षांत ती कशी तयार झाली, हा आपला खरा प्रश्न आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. ‘उठाव’ ही संज्ञा लष्कराच्या कृतीस का अपुरी ठरते?
२. ‘श्नायडर-सिद्धान्त’ म्हणजे काय?
३. १९७० मध्ये संसदेने राष्ट्राध्यक्षाची निवड का केली?

६.२.४ तीन वर्षांचे अर्थकारण

आयेंदे सरकारने आरंभीच वेतन वाढविले, किमती गोठविल्या आणि सार्वजनिक खर्चात मोठी वाढ केली. कारखान्यांची पडून असलेली उत्पादनक्षमता मागणी वाढताच कामी येईल, असे अर्थमंत्री पेद्रो वुस्कोविच यांचे गणित होते. पहिल्या वर्षी ते बरोबर ठरले. १९७१ मध्ये उत्पादन जोमाने वाढले, बेकारी घटली आणि चलनवाढीचा दर खाली आला. ११ जुलै १९७१ रोजी मोठ्या तांबेखाणींचे राष्ट्रीयीकरण करणारी घटनादुरुस्ती संसदेने एकमताने संमत केली. विरोधी पक्षांनीही तिच्या बाजूने मत दिले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दुसऱ्या वर्षी गणित चुकले. उत्पादनक्षमतेची मर्यादा गाठली गेली, पण मागणी वाढतच राहिली. सरकारने तूट भरून काढण्यासाठी चलन छापले. किमती नियंत्रित असल्याने माल दुकानांतून नाहीसा होऊन काळ्या बाजारात गेला. तांब्याचा जागतिक भाव पडल्याने परकीय चलन आटले, आणि जमीन हस्तांतराच्या गोंधळात अन्नधान्याची आयात मात्र वाढली. १९७२ च्या अखेरीस चलनवाढीचा वार्षिक दर १६० टक्क्यांच्या वर गेला. १९७३ या संपूर्ण वर्षाचा दर पाचशे टक्क्यांहून अधिक होता. अर्थात त्यातील काही वाटा सत्तापालटानंतर नव्या राजवटीने किंमतनियंत्रण उठविल्यामुळे झालेल्या भाववाढीचा आहे.

या संकटात परकीय दबावाने भर घातली. खाणींची नुकसानभरपाई ठरविताना कंपन्यांनी पूर्वी मिळविलेला ‘अतिरिक्त नफा’ वजा करण्यात आला. परिणामी अॅनाकोंडा व केनेकॉट यांच्या मोठ्या खाणींसाठी भरपाई देणे लागत नाही, असा निष्कर्ष निघाला. यामुळे अमेरिकेला आपल्या धोरणासाठी एक उघड कारण मिळाले. धोरण मात्र त्याआधीच ठरलेले होते. सिनेट समितीच्या अहवालानुसार अमेरिकेचे द्विपक्षीय आर्थिक साहाय्य १९६९ मधील ३.५ कोटी डॉलरवरून १९७१ मध्ये १५ लाख डॉलरवर आले. आंतर-अमेरिकी विकास बँकेची कर्जे १९७० मधील ४.६ कोटी डॉलरवरून १९७२ मध्ये २० लाख डॉलरवर आली. जागतिक बँकेने नवे कर्ज दिले नाही. चिलीचे ट्रक, बस आणि खाणींतील यंत्रे बहुतांशी अमेरिकी बनावटीची होती. उधारी बंद होताच त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले. डिसेंबर १९७२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आयेंदे यांनी आपल्या देशाच्या या अदृश्य आर्थिक कोंडीविरुद्ध तक्रार मांडली.

याच काळात एक मदत मात्र वाढत होती. अमेरिकेचे चिलीला मिळणारे लष्करी साहाय्य १९७० मधील ८ लाख डॉलरवरून १९७२ मध्ये सुमारे १.०९ कोटी डॉलरवर गेले. सरकारची कोंडी आणि त्याच सरकारच्या सैन्याशी सख्य, असे हे दुहेरी धोरण होते.

६.२.५ समाजाची दुफळी आणि संस्थांचा पेच

आर्थिक टंचाईचे राजकीय संघर्षात रूपांतर व्हायला वेळ लागला नाही. डिसेंबर १९७१ मध्ये सांतियागो शहरातील मध्यम व उच्च वर्गांतील स्त्रियांनी रिकामी भांडी वाजवीत मोर्चा काढला. ऑक्टोबर १९७२ मध्ये सरकारी वाहतूक कंपनीच्या योजनेविरुद्ध मालमोटारींच्या मालकांनी संप पुकारला. हजारो किलोमीटर लांबीच्या आणि रस्त्यांवर विसंबलेल्या देशाची त्यामुळे नाकेबंदी झाली. दुकानदार, डॉक्टर, वकील यांच्या संघटनाही संपात उतरल्या. दुसऱ्या बाजूला कामगारांनी कारखाने ताब्यात घेऊन चालविले. आघाडीतील काही गट व आघाडीबाहेरील डावी क्रांतिकारी चळवळ राष्ट्राध्यक्षांच्या सावध मार्गावर अधीरतेने टीका करीत होती. उजवीकडील ‘पात्रिया इ लिबेर्ताद’ ही संघटना घातपाताच्या मार्गावर होती.

या विरोधामागे परकीय पैसा होता काय? काही अंशी निश्चितच होता. १९७० ते १९७३ या काळात सीआयएने चिलीत सुमारे ८० लाख डॉलर खर्च केले. त्यांतील पंधरा लाखांहून अधिक रक्कम ‘एल मेर्कुरियो’ या प्रमुख दैनिकाला मिळाली, तर मोठा वाटा विरोधी पक्षांना. मालमोटारमालकांच्या संपाला थेट मदत देण्याचा निर्णय झाला नव्हता. तथापि, ज्या खाजगी संघटनांना पैसा मिळत होता, त्यांपैकी काहींनी संपकऱ्यांना साहाय्य केले, असे सिनेट समितीस आढळले. म्हणून या विरोधाला ‘विकत घेतलेला’ म्हणणे जितके चूक, तितकेच त्याला ‘सर्वस्वी उत्स्फूर्त’ म्हणणेही चूक ठरेल. रिकाम्या भांड्यांचा आवाज खरा होता. परकीय पैशाने तो अधिक दूरवर आणि अधिक काळ ऐकू येईल अशी व्यवस्था केली.

राजकीय पेच सुटण्याचा घटनात्मक मार्ग मार्च १९७३ च्या संसदीय निवडणुकीत होता. विरोधकांना दोन-तृतीयांश जागा मिळाल्या असत्या, तर त्यांना राष्ट्राध्यक्षांवर महाभियोग चालविता आला असता. प्रत्यक्षात लोक-एकता आघाडीने सुमारे ४४ टक्के मते मिळविली. सरकारला बहुमत नाही आणि विरोधकांना सरकार हटविण्याइतके बळ नाही, अशी कोंडी झाली. आयेंदे आणि ख्रिश्चन डेमोक्रॅट यांच्यातील वाटाघाटी निष्फळ ठरल्या. २२ ऑगस्ट रोजी प्रतिनिधिगृहाने ८१ विरुद्ध ४७ मतांनी ठराव करून सरकारवर घटनाभंगाचा आरोप ठेवला आणि सशस्त्र दलांनाही त्याची दखल घेण्याचे आवाहन केले. मतपेटीचा मार्ग खुला असताना संसदेनेच बराकींकडे तोंड वळविले, हे या इतिहासातील एक निर्णायक वळण आहे.

६.२.६ लष्कराचे अंतरंग

समाजात कितीही असंतोष असला, तरी सैन्य एकसंध राहून घटनेशी निष्ठ राहिले, तर लष्करी सत्तापालट होत नाही. म्हणून सैन्यात काय बदलले, हे पाहिले पाहिजे.

सैन्याच्या तक्रारी आयेंदे यांच्यापूर्वीच्या होत्या. ऑक्टोबर १९६९ मध्ये, फ्रेई यांच्या कारकिर्दीत, तुटपुंज्या वेतनावरून वियो यांनी सांतियागोतील ताक्ना रेजिमेंटमध्ये बंड केले होते. दुसरी बाब वैचारिक होती. शीतयुद्धाच्या काळात लॅटिन अमेरिकेतील अनेक अधिकाऱ्यांनी अमेरिकेत व पनामातील अमेरिकी लष्करी विद्यालयात प्रशिक्षण घेतले. शत्रू सीमेपलीकडे नसून देशातच आहे, ही ‘राष्ट्रीय सुरक्षे’ची संकल्पना त्या पिढीत रुजली. या प्रभावाचा कोणताही आदेश किंवा पावती सापडत नाही. परंतु पैशापेक्षा तो अधिक टिकाऊ असतो.

तिसरी बाब आयेंदे यांच्याच निर्णयातून उद्भवली. ऑक्टोबर १९७२ चा संप मिटविण्यासाठी त्यांनी जनरल प्राट्स यांना गृहमंत्री केले. त्यामागील हेतू स्थैर्याचा होता; परंतु सैन्य मंत्रिमंडळात आल्याने श्नायडर यांनी आखलेली रेषा पुसट झाली.

२९ जून १९७३ रोजी कर्नल रोबेर्तो सूपेर यांच्या रणगाड्यांनी ला मोनेदाला वेढा घातला. प्राट्स यांनी स्वतः रस्त्यावर उतरून हे बंड मोडले. पण त्यातून कटवाल्यांना एक धडा मिळाला : एका रेजिमेंटने भागत नाही, तिन्ही दले एकत्र हवीत. ऑगस्टमध्ये काही सेनाधिकाऱ्यांच्या पत्नींनी प्राट्स यांच्या घरासमोर निदर्शने केली. सहकारी जनरलांचा पाठिंबा नाही, हे दिसताच २३ ऑगस्ट रोजी त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी नेमले गेले ऑगुस्तो पिनोशे. घटनेशी निष्ठ अधिकारी, अशी त्यांची तोवरची ख्याती होती.

६.२.७ ११ सप्टेंबर १९७३

कटाचे मुख्य सूत्रधार नौदलातील अॅडमिरल होसे तोरिबिओ मेरिनो व हवाई दलप्रमुख गुस्तावो ली हे होते. पिनोशे शेवटच्या दिवसांत त्यांना सामील झाले. पेच सोडविण्यासाठी आयेंदे सार्वमत जाहीर करण्याच्या तयारीत होते. ११ तारखेच्या पहाटे नौदलाने वाल्पाराइसो बंदर ताब्यात घेतले. मेरिनो यांनी नौदलप्रमुखांना, तर सेसार मेंदोसा यांनी पोलिस दलातील आपल्या वरिष्ठांना बाजूला सारून नेतृत्व मिळविले. देशत्याग करण्याचा प्रस्ताव आयेंदे यांनी नाकारला आणि रेडिओवरून जनतेचा निरोप घेतला. मध्यान्हीच्या सुमारास ब्रिटिश बनावटीच्या हॉकर हंटर विमानांनी ला मोनेदावर हल्ला केला. आयेंदे यांनी आत्महत्या केली, हा निष्कर्ष २०११ मध्ये पुन्हा झालेल्या वैद्यकीय तपासणीनेही कायम ठेवला.

सत्तापालट करणाऱ्यांनी संसद विसर्जित केली. ज्या संसदेच्या ठरावाचा आधार त्यांनी घेतला, तीच त्यांना नको होती. पुढील वर्षांत तीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली. हजारोंचा छळ झाला. जनरल प्राट्स व त्यांच्या पत्नी सप्टेंबर १९७४ मध्ये ब्युनोस आयर्स येथे बाँबस्फोटात ठार झाले. चिलीच्या गुप्त पोलिसांनी तो घडविला होता.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
रिकाम्या जागा भरा.
१. मोठ्या तांबेखाणींचे राष्ट्रीयीकरण ............ या वर्षी झाले.
२. मार्च १९७३ च्या निवडणुकीत लोक-एकता आघाडीला सुमारे ............ टक्के मते मिळाली.
३. २३ ऑगस्ट १९७३ रोजी ............ यांनी सरसेनापतिपदाचा राजीनामा दिला.

६.२.८ परकीय प्रभावाचे मूल्यमापन

‘परकीय हात’ हा शब्दप्रयोग १९७० च्या दशकातील भारतीय राजकारणातही वारंवार वापरला गेला. त्यातील अडचण अशी की, त्यात हात दिसतो; तो कोणाचा, त्याने नेमके काय केले आणि कोणाच्या हातात हात दिला, हे दिसत नाही. म्हणून परकीय प्रभावाचे पुढीलप्रमाणे प्रकार करणे उपयुक्त ठरते.

(अ) प्रत्यक्ष कटात सहभाग : १९७० मध्ये तो सिद्ध आहे. १९७३ च्या सत्तापालटात अमेरिकेचा थेट सहभाग असल्याचा पुरावा सिनेट समितीस मिळाला नाही. मात्र कटाची माहिती सीआयएला होती आणि कटवाल्यांशी तिचा माहिती मिळविण्यासाठी संपर्क होता.

(आ) परिस्थितीची निर्मिती : कर्जबंदी, वृत्तपत्रांना व पक्षांना पैसा, सैन्याशी सख्य. हा प्रभाव १९७३ मध्ये सर्वांत महत्त्वाचा होता. सत्तापालटानंतर पाचच दिवसांनी निक्सन व हेन्री किसिंजर यांच्यात झालेल्या दूरध्वनी-संभाषणाची प्रत नंतर खुली झाली. कृत्य आपण केले नाही, परंतु मदत केली आणि शक्य तितकी अनुकूल परिस्थिती निर्माण केली, असा किसिंजर यांच्या बोलण्याचा आशय होता.

(इ) विचारांचा प्रभाव : लष्करी प्रशिक्षणाचा उल्लेख वर आला आहे. तसेच १९५० च्या दशकाच्या मध्यापासून चिलीच्या कॅथलिक विद्यापीठातील अर्थशास्त्राचे विद्यार्थी शिकागो विद्यापीठात शिकत होते. त्यांच्यातील काहींनी मुक्त बाजारपेठेचा आराखडा सत्तापालटापूर्वीच तयार ठेवला होता आणि तो पुढे राजवटीचे धोरण बनला.

(ई) अन्य देश : ब्राझीलच्या लष्करी राजवटीचे प्रमुख मेदिची यांनी डिसेंबर १९७१ मध्ये निक्सन यांच्या भेटीत आयेंदे यांच्या पतनासाठी आपला देश प्रयत्नशील असल्याचे सांगितले होते. ऑस्ट्रेलियाच्या गुप्तचर संस्थेनेही सीआयएच्या विनंतीवरून सांतियागोत काही काळ केंद्र चालविले. दुसऱ्या बाजूला क्यूबाने आयेंदे यांच्या अंगरक्षकांना प्रशिक्षण व शस्त्रे दिली, आणि फिडेल कॅस्ट्रो यांच्या १९७१ मधील तीन आठवड्यांहून अधिक लांबलेल्या दौऱ्याने मध्यमवर्गाची भीती वाढविली. सोव्हिएत संघाकडून मिळालेले आर्थिक साहाय्य मात्र चिलीच्या अपेक्षेपेक्षा बरेच कमी होते.

आता १९७० आणि १९७३ यांची तुलना पूर्ण करता येते. थेट परकीय सहभाग सर्वाधिक होता तेव्हा प्रयत्न फसला. थेट सहभाग सिद्ध होत नाही तेव्हा तो यशस्वी झाला. यावरून परकीय प्रभाव नगण्य होता, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. निष्कर्ष असा की, महासत्तेलाही दुसऱ्या देशात सत्तापालट केवळ आदेशाने घडविता येत नाही; तिला तेथील फटींतून काम करावे लागते. फटी चिलीच्या होत्या. त्या रुंदावण्याचे काम परक्यांनी केले. रणगाडे बाहेर काढण्याचा निर्णय मात्र चिलीच्या सेनानींचा होता.

हा शेवटचा मुद्दा कारण आणि जबाबदारी यांच्यातील भेदाचा आहे. चलनवाढ हे सत्तापालटाचे एक कारण आहे. परंतु चलनवाढ कोणावर बाँब टाकीत नाही. श्नायडर व प्राट्स यांनाही तोच समाज, तीच टंचाई आणि तोच दबाव दिसत होता. त्यांनी वेगळा निर्णय घेतला. म्हणजेच वेगळा निर्णय शक्य होता. इतिहास लिहिताना ‘परिस्थिती चिघळली’, ‘सत्ता लष्कराच्या हाती गेली’, ‘लोक बेपत्ता झाले’ अशी वाक्ये आपण सहज लिहितो. त्यांतील क्रियापदे अकर्मक आहेत. व्याकरणदृष्ट्या ती निर्दोष आहेत, परंतु त्यांत करणाऱ्याचा पत्ता लागत नाही. याच घटकात वर ‘तीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली’ असे वाक्य आले आहे. ते पुन्हा वाचा आणि ‘कोणी?’ असा प्रश्न विचारा. लष्करी राजवटीच्या सैनिकांनी व गुप्त पोलिसांनी त्यांना मारले आणि बेपत्ता केले, असे ते वाक्य लिहावयास हवे. कारणमीमांसेचा अभ्यास करणाऱ्याने आपल्या प्रत्येक वाक्याला हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी.

६.३ सारांश

चिलीतील १९७३ चा लष्करी सत्तापालट एका कारणाने घडला नाही. दीर्घकालीन विषमता व तांब्यावरील अवलंबन ही त्याची पार्श्वभूमी होती. आयेंदे सरकारच्या आर्थिक चुका, समाजाचे ध्रुवीकरण आणि संसद व राष्ट्राध्यक्ष यांच्यातील पेच यांनी परिस्थिती बिकट केली. अमेरिकेने आर्थिक कोंडी, गुप्त अर्थसाहाय्य व सैन्याशी सख्य यांद्वारे ती अधिक बिकट केली. घटनानिष्ठ सरसेनापती दूर झाल्यावर सैन्यातील प्रतिबंध संपला. १९७० च्या अपयशाशी तुलना केल्यास परकीय हस्तक्षेपाला अंतर्गत अनुकूलतेची गरज असते, हे दिसून येते. अनेक कारणे असली, तरी त्यामुळे निर्णय घेणाऱ्यांची जबाबदारी विभागून नाहीशी होत नाही.

६.४ पारिभाषिक शब्द

उपादानकारण : ज्या द्रव्यापासून कार्य घडते ते कारण.
निमित्तकारण : कार्य घडविणारा कर्ता. (बोलीभाषेत ‘निमित्त’ म्हणजे सबब, हा अर्थ येथे अभिप्रेत नाही.)
महाभियोग : सर्वोच्च पदाधिकाऱ्यास पदच्युत करण्याची संसदीय कार्यवाही.
राष्ट्रीयीकरण : खाजगी मालकीचा उद्योग शासनाच्या मालकीचा करणे.
ध्रुवीकरण : समाज दोन परस्परविरोधी टोकांत विभागला जाणे.

६.५ स्वयं-अध्ययनासाठीच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) ‘उठाव’ या शब्दात दुर्बलांचा प्रतिकार सूचित होतो, लष्कर मात्र शासनाचाच सशस्त्र भाग असते. (२) राज्यघटनेने ठरविलेल्या राजकीय प्रक्रियेत सैन्याने हस्तक्षेप करू नये, ही भूमिका. (३) कोणत्याही उमेदवारास निर्विवाद बहुमत मिळाले नव्हते म्हणून.
प्रश्न २ : (१) १९७१ (२) ४४ (३) कार्लोस प्राट्स

६.६ स्वाध्याय

१. ‘१९७० मध्ये कुंभार उतावीळ होता, पण माती तयार नव्हती.’ या विधानाचे १९७० व १९७३ च्या घटनांच्या आधारे विवेचन करा.
२. चिलीतील सत्तापालटामागील परकीय प्रभावाचे प्रकार सांगून त्यांचे सापेक्ष महत्त्व स्पष्ट करा.
३. टीप लिहा : (अ) जनरल रेने श्नायडर (आ) ऑक्टोबर १९७२ चा संप.
४. एखाद्या मराठी वृत्तपत्रातील लष्करी सत्तापालटाविषयीची बातमी घ्या. तीत बंड, उठाव, क्रांती, सत्तापालट यांपैकी कोणता शब्द वापरला आहे आणि कोणत्या वाक्यांत कर्ता वगळला आहे, ते शोधा. ती वाक्ये कर्त्यासह पुन्हा लिहा आणि अर्थात काय फरक पडला, हे दहा ओळींत सांगा.